विश्लेषण : जपान-कोरिया भरपाईचा वाद साठ वर्षांनंतरही का मिटत नाही?

दुसऱ्या महायुद्धात जपानी कारखान्यात सक्तीने राबवलेल्या चार कोरियन कामगारांना प्रत्येकी १० कोटी वॉन द्या, असा आदेश दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी निप्पॉन स्टीलला दिला. जपानचे उत्तर ठरलेले होते: हा हिशेब १९६५ मध्येच चुकता झाला.

करारात 'भरपाई' आहे का?

नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. वाटाघाटी १९५१ मध्ये सुरू झाल्या. कोरिया आपल्याशी युद्ध करणारा देश नव्हता, तर आपल्या ताब्यातील प्रदेश होता. मग युद्धभरपाई कसली, असा जपानचा पवित्रा. १९५३ मध्ये तर जपानी प्रतिनिधी कुबोता यांनी जपानी राजवटीने कोरियाचे भलेही केले, असे सुनावले आणि चर्चा चार वर्षांहून अधिक काळ ठप्प झाली. अखेर नोव्हेंबर १९६२ मध्ये किम जोंग-पिल आणि परराष्ट्रमंत्री ओहिरा यांनी आधी आकडा ठरवला: ३० कोटी डॉलर अनुदान, २० कोटी डॉलर कर्ज, शिवाय खासगी पतपुरवठा. पैसे कशाचे, हे मोघमच राहिले. सोलने जनतेला 'दाव्यांचा पैसा' सांगितले, टोकियोने 'आर्थिक सहकार्य'. १९६४ मध्ये याविरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा सोलमध्ये लष्करी कायदा लागू झाला. २२ जून १९६५ च्या करारात मात्र दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' मिटल्याचे लिहिले गेले.

पैसा कुठे गेला?

पोहांगचा पोलाद कारखाना, सोल-बुसान महामार्ग. सत्तरच्या दशकात मृत कामगारांच्या सुमारे साडेआठ हजार कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्यांना काहीच नाही. म्हणजे दोष एकट्या टोकियोचा नाही. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की बेकायदा राजवटीत झालेल्या छळाच्या नुकसानीचा दावा त्या करारात येतच नाही.

मग तोडगा काय निघाला?

जुलै २०१९ मध्ये जपानने चिपनिर्मितीला लागणाऱ्या तीन रसायनांची निर्यात कडक केली. सुरक्षेचे कारण दिले, पण रोख कुठे होता ते उघड होते. मार्च २०२३ मध्ये सोलने पैसे आपल्याच प्रतिष्ठानामार्फत द्यायचे ठरवले. पोहांगचा कारखाना चालवणाऱ्या पॉस्कोने त्यात ४ अब्ज वॉन घातले. काही पीडितांनी रक्कम घेतली. काहींनी ती नाकारली. त्यांना जपानी कंपनीचे पैसे आणि माफी हवी होती.