खाली पेढी, वर घर : स्मार्ट स्पीकर जोडताना

जुन्या पेठांतील अनेक व्यापारी घरांची रचना आजही सारखीच असते. तळमजल्यावर पेढी, वर राहते घर आणि मध्ये अरुंद जिना. इंटरनेटची जोडणी दुकानाच्या गरजेसाठी घेतलेली असल्याने राउटर गल्ल्यामागच्या लोखंडी कपाटावर, क्वचित कपाटाच्या आतही ठेवलेला असतो. अशा घरात नातवंडे हौसेने आजीसाठी स्मार्ट स्पीकर आणतात. दोन दिवस तो पहाटे स्तवने ऐकवतो, औषधाची वेळ सांगतो. तिसऱ्या दिवशी मध्येच अडखळतो आणि मग गप्प बसतो. स्पीकर बिघडला असे समजून तो अडगळीत जातो. बहुतेक वेळा खरी अडचण राउटरपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत असते.

स्पीकरचे काम कसे चालते हे कळले की ही अडचण उलगडते. ठरलेले नाव पुकारले गेले की नाही, एवढेच तो स्वतः ओळखतो. नाव ऐकू येताच पुढचे वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि उत्तर तेथून येते. म्हणून वाय-फाय तुटले की त्याला काही सुचत नाही. ब्लूटूथची गोष्ट वेगळी. ब्लूटूथने फोनमधील गाणे स्पीकरवर वाजते. परंतु त्यामुळे स्पीकरला स्वतःचे इंटरनेट मिळत नाही.

पुष्कळ घरांत यावर उपाय म्हणून अधिक वेगाची योजना घेतली जाते. हा खर्च बहुधा वाया जातो. संगीतसेवांचा नेहमीचा चांगला दर्जाही सामान्यतः सेकंदाला सुमारे ३२० किलोबिटचा असतो. ४० मेगाबिटच्या साध्या योजनेत त्याचा वाटा शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. स्पीकरला वेगापेक्षा अखंडता हवी असते.

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. पहिल्या पट्ट्यातील लहरी भिंतींतून अधिक दूर पोहोचतात. मात्र त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची आणि ब्लूटूथची दाटी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच्याच आसपास चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण दगडी भिंतीपुढे तो लवकर थकतो. लोखंडी कपाट, तिजोरी, दुकानाचे शटर हे दोन्ही पट्ट्यांना अडवतात. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे : राउटर कपाटाबाहेर, उंचावर, शक्यतो जिन्याच्या तोंडाशी आणावा आणि स्पीकर स्वयंपाकघरातील ओव्हनपासून दूर ठेवावा.

एवढ्याने भागले नाही तर तारेचा विचार करावा. तारेची जोडणी भिंतींना जुमानत नाही. परंतु घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक स्मार्ट स्पीकरांना लॅन केबलची खाचच नसते. सोनोससारख्या कंपनीच्या काही स्पीकरांना ती असते, तर काहींना वेगळा जोड घ्यावा लागतो. त्यामुळे व्यवहारात तार स्पीकरपर्यंत नेण्याऐवजी मजल्यापर्यंत न्यावी. खालच्या राउटरपासून वर एक कॅट-६ केबल ओढून तिच्या टोकाला दुसरे वाय-फाय यंत्र बसवावे. अशी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. पेठेतील घराला तेवढी क्वचितच लागते. केबल निव्वळ तांब्याची आहे, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नाही, याची खात्री करावी आणि ती विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. नुसता रिपीटर स्वस्त पडतो. पण साधा रिपीटर एकाच लहरीवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

वर बसवलेला दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीने लावून घ्यावा. तसे न केल्यास घरात दोन निराळी नेटवर्क तयार होतात आणि एकावरच्या फोनला दुसऱ्यावरचा स्पीकर सापडत नाही. राउटर बदलतानाही वाय-फायचे जुने नाव आणि पासवर्ड कायम ठेवल्यास जोडलेली उपकरणे सहसा आपोआप परत जोडली जातात.

याच ठिकाणी पेढीच्या हिताचा प्रश्न येतो. दुकानाचा हिशेबाचा संगणक आणि घरातील स्पीकर, टीव्ही, कॅमेरे एकाच नेटवर्कवर असणे योग्य नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच राहिलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पेढी व घर यांची नेटवर्क जाणकाराकडून वेगळी करून घ्यावीत. ग्राहकांना वाय-फाय द्यायचे असल्यास ते तिसरे, पाहुण्यांचे असावे.

नेटवर्क उत्तम झाले तरी एक सावधगिरी उरते. २०१८ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका दांपत्याचे घरातील बोलणे त्यांच्या ॲमेझॉन एको स्पीकरने नकळत ध्वनिमुद्रित केले आणि पतीच्या हाताखालील कर्मचाऱ्याला पाठवले. मागे चाललेल्या बोलण्यातील शब्द यंत्राने आज्ञा समजून घेतले, असा खुलासा कंपनीने केला. तेथे विषय लाकडी फरशीचा होता. व्यापारी घराच्या दिवाणखान्यात खरेदीचे भाव, उधारी, भागीदारी आणि मुलामुलींची स्थळे यांवर बोलणे होते. हे बोलणे नोकराच्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या कानी जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

बहुतेक स्पीकरांवर माइक बंद करण्याचे बटण असते. व्यवहाराच्या बैठकीपूर्वी ते दाबण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी. जुनी ध्वनिमुद्रणे ॲपमधून पाहून पुसता येतात. महिन्यातून एकदा ते करावे. आवाजाने खरेदी करण्याची सोय बंद ठेवावी. आणि स्पीकरची जागा आजीच्या खोलीत असावी, दिवाणखान्यात नव्हे. तेथे त्याचा उपयोग अधिक आहे आणि ऐकण्यासारखे गुपित कमी.