चाँद बघायला वर गेलोच आहोत, तर…

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या सुप्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक मेसेज टाकला. २७ ऑगस्टच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र असणार, हा योग पुन्हा आपल्या हयातीत नाही. खाली ‘नासा’चं नाव होतं, त्यामुळं खात्री करायची गरज वाटली नाही. त्या रात्री निम्मा मोहल्ला गच्चीवर. दुसरा चंद्र काही उगवला नाही. शेजारचे चाचा जिना उतरताना म्हणाले, “कहाँ है रे तेरा दूसरा चाँद?” आजही कुणाच्या लग्नात भेटले की हेच विचारतात.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, गोष्ट अगदीच बिनबुडाची नव्हती. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळपास साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, एवढाच मूळ मजकुराचा अर्थ होता. पुढं पाठवता पाठवता दुर्बीण गळाली, साल गळालं, उरले फक्त दोन चंद्र. दर ऑगस्टला तो मेसेज नव्यानं फिरतो.

हजारो लोकांनी तो पाठवला असेल. त्यातल्या किती जणांना जाब द्यावा लागला? मला लागला, कारण मी त्याच गच्चीवर उभा होतो. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आकाशाची बातमी सांगायची तर अशा ठिकाणी सांगावी, जिथं ऐकणारा तोंडावर विचारू शकतो, “कुठं आहे? दाखव.”

असं ठिकाण आपल्याकडे तयार आहे. चांद्रमहिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला मगरिबनंतर पश्चिमेला कोर शोधायची संध्याकाळ येते. वर्षातून बारा वेळा. आपण मात्र रमजान आणि ईदच्या वेळीच वर जातो, तेही घाईनं. मग “अमुक शहरात दिसला” असा फोन येतो आणि रात्री अकरापर्यंत कुणालाच काही कळत नाही.

ईद कधी करायची हे ठरवणं उलेमा आणि चाँद कमिटीचं काम, त्यात मी पडत नाही. पण कोर कुठं शोधायची आणि ती दिसणं शक्य आहे का, हे आधी सांगता येतं. अमावास्येचा क्षण उलटून साधारण पंधरा तास झाले नसतील, तर ती कोर नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याची भरवशाची नोंद जवळजवळ नाही. चंद्र सूर्याच्या आधीच मावळत असेल तर “दिसला” म्हणणाऱ्यानं दुसरंच काहीतरी पाहिलेलं असतं. मशिदीत लावलेलं नमाजच्या वेळांचं पत्रक याच गणितातून येतं. काठीची सावली मोजत आता कुणी बसत नाही.

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर वेळा काढण्याच्या कामावर होता. चंद्राच्या गतीचं त्यानं मांडलेलं गणित पुढं कोपर्निकसच्या गणिताशी जुळलेलं आढळलं. आपल्या महाराष्ट्रात फिरोजशाह बहमनीनं १४०७ च्या सुमारास दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली होती. हकीम हसन गिलानी हा जाणकार वारला आणि काम थांबलं. एका माणसावर सगळं अवलंबून ठेवलं की असं होतं.

पण इतिहासाच्या नावानं छाती फुगवणारे मेसेजही मला त्या दोन चंद्रांसारखेच वाटतात. “सगळं आपणच शोधलं” असं पुढं पाठवणं सोपं आहे. अब्द अल-रहमान अल-सूफीनं ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा टॉलेमीची यादी उतरवून तो थांबला नाही. ताऱ्यांची तेजस्विता त्यानं स्वतः पुन्हा पाहून नोंदवली. वारसा सांगायचा तर हा सांगा: आधी बघणं, मग बोलणं.

आणि हे आकाश एकट्याचं नाही. जगभर ‘अल्डेबरान’ म्हणतात तो तारा मूळचा अरबी ‘अद्दबरान’, म्हणजे मागोमाग येणारा, कारण तो कृत्तिकांच्या पाठोपाठ उगवतो. आपल्या गावात तीच रोहिणी. पावसाची वाट बघताना सुप्यातला मुसलमान शेतकरीही रोहिणी, मृग, आर्द्रा असंच मोजतो. दोन्ही नावं आपलीच आहेत.

आजच्या बातम्याही दूरच्या नाहीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विश्वात संथ गुरुत्वीय लहरी असल्याचा पुरावा २०२३ मध्ये जगासमोर आला, त्यात तिथल्या निरीक्षणांचा वाटा होता. त्याच वर्षी सूर्याकडे निघालेल्या आदित्य-एल१ मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी होत्या. यातलं किती आपल्या मोहल्ल्यात मराठीतून पोहोचलं? जगभर नाव असलेले जयंत नारळीकर आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेतले हौशी लोक १९४४ पासून इतरांना आकाश दाखवताहेत. ते आपल्यालाही जमेल.

कसं? दर एकोणतीस तारखेला एक गच्ची, एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं महिन्याभरातली एक बातमी नीट वाचून यावी, मूळ कुठून आली ते सांगावं, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारी एक गोष्ट दाखवावी. पुढच्या महिन्यात दुसरा. चुकलं तर सगळ्यांसमोर दुरुस्त करावं. गच्चीचा आणखी एक फायदा आहे. रात्री बाहेर जायला ज्या बहिणींना परवानगी मिळत नाही, त्या स्वतःच्या किंवा चाचीच्या गच्चीवर येऊ शकतात. त्यांचीही पाळी लावा, चहा करण्याची नव्हे, बोलण्याची. खेड्यातल्यांकडे तर शहरात न मिळणारा अंधारही आहे. आमच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या माळाकडे तोंड केलं की तारे मोजता येत नाहीत.

घाई का, तर २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली थेट मक्केवरून जाणार आहे. तिथं पाच मिनिटांहून अधिक काळ भरदिवसा अंधार होईल. त्या दिवसाच्या नावानं किती अफवा पिकतील, याचा अंदाज करा. पैगंबरांच्या लहानग्या मुलाचा इंतकाल झाला त्याच दिवशी ग्रहण लागलं आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. तेव्हा पैगंबरांनीच सांगितलं की कुणाच्या मरणा-जगण्यानं सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. घरात शोक असताना त्यांनी अफवा थांबवली. आपल्याला तर फक्त ‘फॉरवर्ड’च्या बटणावरून बोट उचलायचं आहे.

येत्या एकोणतीस तारखेला सुप्यात पहिली पाळी माझी आहे. चाचांनाही बोलावलंय. ते काय विचारणार हे मला ठाऊक आहे. या वेळी मी त्यांना खरा मंगळ दाखवीन, आणि तो आकाशात नसेल तर का नाही, ते सांगेन.