कुलूप एक, किल्ल्या सगळ्यांकडे

सकाळी नऊला संगणक सुरू होतो. पासवर्ड एकदाच टाकला जातो आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत पडदा उघडाच राहतो. मधल्या वेळात त्या खुर्चीवर डेटा एंट्री ऑपरेटर बसतो, सिस्टर बसतात, लसीकरणाची नोंद करायला एएनएम येतात, ऑपरेटर जेवायला गेला तर शिपाईही दोन नोंदी करून देतो. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून तो एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. नागपूर-जबलपूर महामार्गावरच्या कन्हानपासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत, सरकारी असो की खासगी, लहान दवाखान्यांत आणि कार्यालयांत हे दृश्य कुणालाही नवे वाटणार नाही.

या दृश्यात कुणी चोर नाही. कामाची गर्दी आहे, माणसे कमी आहेत, संगणक एकच आहे. तरीही गेल्या वर्षा-दोन वर्षांत विदर्भात जे घडले, त्यानंतर या उघड्या पडद्याकडे किरकोळ बेशिस्त म्हणून पाहता येणार नाही. लॉगिनचा पडदा फक्त चोराला अडवण्यासाठी नसतो. अमुक नोंद अमुक माणसाने केली, हे नंतर सांगता यावे यासाठीही तो असतो. एकाच नावाने सगळे आत गेले की हे दुसरे काम संपते, आणि गोत्यात येतो तो ज्याच्या नावाचा आयडी आहे तो.

नागपूरचा धडा

२०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडी घोटाळा उघडकीस आला. शालार्थ ही राज्यातील शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली. तिच्यात शिक्षकाला आयडी मिळाला की पगार सुरू होतो. बनावट कागदपत्रांच्या आधारे असे आयडी तयार करून शेकडो अपात्र व्यक्तींच्या नावे सरकारी पगार उचलला गेल्याचा आरोप आहे. शिक्षण उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्यापर्यंत अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. मात्र तपासात सतत पुढे येत राहिलेला प्रश्न अगदी साधा होता: अधिकाऱ्याचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड वापरून नोंद झाली, तेव्हा संगणकासमोर प्रत्यक्ष कोण बसले होते?

डिसेंबर २०२५ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनीचे नाव गाजले. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या गावाच्या ग्रामपंचायतीच्या आयडीवरून तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे आढळले. जन्म-मृत्यू नोंदणी ही आरोग्य विभागाच्या देखरेखीखालची यंत्रणा. तिथेही तपास याच वाटेने गेला: आयडी कुणाचा, वापरला कुणी, कुठून?

या दोन्ही प्रकरणांत केवळ टेबलावरचा संगणक बंद ठेवला असता तर सारे टळले असते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यामागे इतर गोष्टीही आहेत. पण एक समान धागा दिसतो. सरकारी यंत्रणेत आयडीला अधिकाऱ्याच्या सहीइतके वजन आले आहे. त्याची राखण मात्र अजून दप्तराच्या कपाटाच्या किल्लीइतकीही होत नाही.

दोन दारे, एकच कडी

संगणकावर दोन दारे असतात. पहिले दार संगणकाचे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होताना येणारा लॉगिनचा पडदा. दुसरे दार पोर्टलचे. क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’, लसीकरणासाठी ‘यू-विन’, जन्म-मृत्यूसाठी ‘सीआरएस’, अशा प्रत्येक पोर्टलचा आयडी वेगळा. सगळे लक्ष या दुसऱ्या दाराकडे असते. पासवर्ड अवघड हवा, ओटीपी हवा, असे नियम तिथे असतात. पण रोजच्या घाईत ब्राउझर विचारतो, ‘पासवर्ड जतन करू का?’ आणि ‘हो’ दाबले जाते. त्या क्षणापासून दुसऱ्या दाराची किल्ली पहिल्या दाराच्या आत टांगलेली असते. पहिले दार उघडे असेल, तर दुसऱ्याचे कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही. ओटीपीचेही तसेच. तो साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि ‘साहेब, ओटीपी सांगा ना’ या एका फोनवर खोलीत सर्वांना ऐकू जातो.

गंमत म्हणजे पासवर्डचा जन्मच सामायिक संगणकासाठी झाला. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता. प्रत्येकाच्या फाइली आणि वाट्याला आलेला वेळ वेगळा राहावा म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड देण्यात आला. म्हणजे यंत्र एक असले तरी नावे अनेक, ही मूळ कल्पना. पहिली फसवणूकही तिथेच झाली. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने जास्त वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. आजच्या कार्यालयांत मूळ कल्पना उलटी झाली आहे: माणसे अनेक, नाव एक.

पडदा काय अडवतो, काय नाही

लॉगिनचा पडदा दिसतो म्हणजे कुलूप आहेच, असे नाही. विंडोज ९८ च्या काळात पासवर्डच्या चौकटीत ‘कॅन्सल’ दाबले तरी संगणक उघडायचा. घरगुती संगणकांवर ती चौकट प्रत्येकाची सजावट वेगळी ठेवण्यापुरती होती. त्याच काळातील विंडोज एनटीत मात्र लॉगिनला खरा अर्थ होता. तिथे आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबावी लागत. ही बटणे दाबल्याचा संदेश थेट मूळ प्रणालीकडे जातो, मधला कोणताही प्रोग्राम तो पकडू शकत नाही. त्यामुळे कुणी लॉगिनसारखा दिसणारा खोटा पडदा लावून पासवर्ड चोरू पाहत असेल, तर त्याचे बिंग फुटते. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून विंडोजचे बटण आणि ‘एल’ एकत्र दाबले की संगणक लगेच लॉक होतो. कन्हानच्या दवाखान्यापासून अमेरिकेतल्या बड्या बँकेपर्यंत ही सोय सारखीच उपलब्ध आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

लॉक आणि लॉग-आउट यांतला फरकही कळायला हवा. लॉक केल्यावर आतले काम तसेच सुरू राहते, फक्त पडदा झाकला जातो. लॉग-आउट केल्यावर काम बंद होते. लॉकच्या पडद्यावरून ‘दुसरा वापरकर्ता’ निवडला, तर पहिल्याचे अर्धवट काम न मोडता दुसऱ्याला स्वतःच्या नावाने आत जाता येते.

लॉकच्या पडद्याला मर्यादाही आहेत. डिस्कवरची माहिती कूटबद्ध केलेली नसेल, तर संगणक उघडून डिस्क दुसरीकडे जोडली की ती वाचता येते. जाळ्यातून येणाऱ्या हल्ल्याला तर हा पडदा फारसा दिसतही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा केसपेपरपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. त्यामुळे लॉकचा पडदा म्हणजे सर्व रोगांवरची गोळी नव्हे. तो हात धुण्यासारखा आहे. त्याने सगळे आजार टळत नाहीत, पण तो सोडला तर बाकीचे उपाय फिके पडतात.

दोष माणसाचा की मांडणीचा?

अशा वेळी कर्मचाऱ्यांना परिपत्रक काढून तंबी देणे हा सोपा मार्ग. संशोधन मात्र वेगळे सांगते. लंडनच्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे यांनी १९९९ मध्येच दाखवले की, वापरणारी माणसे नियम मोडतात ती बेफिकिरीतून कमी आणि नियम कामाच्या आड येतात म्हणून जास्त. २०१५ मध्ये अमेरिकेतील रॉस कॉपेल, शॉन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांतील पळवाटांचा अभ्यास मांडला. माणूस दूर गेला की संगणक आपोआप बंद करणारे सेन्सर बसवले, तर डॉक्टर-नर्सनी त्यावर थर्माकोलचे कप उपडे घातले. एके ठिकाणी संगणक लॉक होऊ नयेत म्हणून चमूतल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला अधूनमधून सगळ्यांच्या कीबोर्डची स्पेस बार दाबत राहण्याचे काम होते.

साधा हिशेब करून पाहता येईल. एका लॉगिनला अर्धा मिनिट लागत असेल आणि दिवसात ६० वेळा माणूस बदलत असेल, तर त्यातच अर्धा तास जातो. बाहेर तापाने फणफणलेले लेकरू घेऊन बसलेल्या आईसमोर तो अर्धा तास कोणतीही सिस्टर वाचवणारच. संगणक जुना असेल, वीज वारंवार जात असेल, तर अर्ध्या मिनिटाची दोन मिनिटे होतात. चिठ्ठीवरच्या पासवर्डचे मूळ इथे आहे.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्तीही अशीच उलटते. माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, किंवा लिहून ठेवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये अशी ठरावीक मुदतीची सक्ती नको, असे सांगितले. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये ती शिफारस आपल्या सुरक्षा आराखड्यातून काढली. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र तो तत्काळ बदलायचा.

लहान गावात गुपित महाग

शहरातील मोठ्या रुग्णालयात पडद्यावर दिसणारे नाव हे बहुतेकांसाठी फक्त नाव असते. कन्हानसारख्या, कोळसा खाणींच्या आणि महामार्गाच्या आधाराने वाढलेल्या गावात ते शेजाऱ्याचे, मित्राच्या सुनेचे किंवा बरोबर पाळीला जाणाऱ्या कामगाराचे नाव असते. निक्षयच्या नोंदीत क्षयरुग्णाचे नाव, पत्ता, मोबाइल, पोषण आहाराच्या पैशांसाठी बँक खाते आणि एचआयव्ही तपासणीचा निकालही असतो. हे सारे उघड्या पडद्यावर पाहायला हॅकर लागत नाही. खिडकीशी उभा असलेला ओळखीचा माणूस पुरेसा आहे. ठरलेले लग्न मोडायला, खोली सोडायला लावायला, औषध मध्येच थांबवायला तेवढे कारण होते. आणि क्षयरोगाचे औषध मध्येच थांबले, तर प्रश्न एका रुग्णापुरता राहत नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा अशी माहिती जपण्याचे बंधन घालतो. गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने महिलेची ओळख उघड करणे शिक्षापात्र केले. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती कुणी पाहिली याची नोंद वर्षभर जपा, असे ते नियम सांगतात. मुख्य तरतुदींच्या तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. पण सगळे एकाच नावाने आत जात असतील, तर त्या नोंदवहीत एकच नाव हजार वेळा लिहिलेले सापडेल. ती असून नसल्यासारखीच.

आता काय करता येईल?

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे अनेक कार्यालयांत संगणक बदलावेच लागणार आहेत. नवा संगणक टेबलावर आला की पहिल्याच दिवशी प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते उघडून द्यावे आणि सर्वाधिकार असलेले खाते रोजच्या कामासाठी वापरू नये. विंडोजचा पिन त्या एका यंत्रापुरताच चालतो; तो फुटला तरी दुसऱ्या संगणकावरून आत जाता येत नाही. बोटाचा ठसा वाचणारे छोटे उपकरण बसवले, तर लॉगिन काही सेकंदांवर येते. पडदा काही मिनिटे कुणी हात न लावल्यास आपोआप लॉक व्हावा. पण ती वेळ कक्षानुसार ठरवावी. नोंदणीच्या खिडकीत ती कमी असावी, एकट्या डॉक्टरच्या बंद खोलीत थोडी जास्त चालेल. मॉनिटरचे तोंड रांगेकडे नसावे. कर्मचारी बदलून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद व्हावे. आणि वरिष्ठांनी आपला पासवर्ड हाताखालच्या माणसाला देऊन ‘तूच कर’ म्हणणे थांबवावे. काम सोपवायचे असेल, तर त्या माणसाच्या नावाने मर्यादित अधिकार देण्याची सोय पोर्टलमध्ये हवी. ती नसेल, तर तो दोष पोर्टल बनवणाऱ्यांचा.

यातल्या बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही, जो लागतो तो थोडा. उद्या एखादी चुकीची नोंद सापडली आणि चौकशी दारात आली, तर डेटा एंट्री ऑपरेटरला ‘हे मी केले नाही’ असे पुराव्यानिशी सांगता यायला हवे. आज त्याच्याकडे तो पुरावा नाही. मॉनिटरवरची चिठ्ठी काढणे हे रुग्णाइतकेच त्याच्याही हिताचे आहे.