डाग कापडात की दिव्यात?

मागच्या गॅदरिंगला छायाचित्र प्रदर्शनात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक फोटो लागला होता, आठवतोय? काळीकुट्ट पार्श्वभूमी, मधोमध गुलाबी ढग आणि खाली माझं नाव. त्या फोटोच्या जोरावर मी मेसमध्ये दोन दिवस भरपूर भाव खाल्ला. आज या पानावर कबूल करून टाकतो, तो फोटो चुकीचा होता. ढापलेला नव्हता, काढला मीच होता. पण त्या तेजोमेघाचे बाहेरचे फिकट पंख मीच पुसून टाकले होते, आणि तेही फोटो ‘सुधारताना’!

त्याचं असं झालं. आमचं घर लोअर परळला, डिलाईल रोडवरच्या चाळीत. सुट्टीत माझी 130 मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण चाळीच्या गच्चीवर लागते. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो. आमच्या गच्चीवरून त्या जागी एका टॉवरचं बाल्कनीतलं वाळत घातलेलं कापड दिसतं. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष ताऱ्यांच्या सरकण्यावरूनच जुळवावा लागतो. पश्चिमेला सेनापती बापट मार्गाच्या बाजूला जिथे गिरण्या होत्या, तिथे आता मॉल आणि ऑफिसं. तिकडचं आभाळ रात्री बारालासुद्धा नारिंगी-पांढरं.

अशा आभाळाखाली 15 सेकंदांचे 200 फोटो काढून एकावर एक रचले. म्हणजे 50 मिनिटांचा उजेड गोळा झाला. त्यात सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवरचा तो ढग दिसला खरा, पण पार्श्वभूमी म्हणजे पावसाळ्यातली चाळीची भिंत! चारही कोपरे काळवंडलेले, एक बाजू उजळ, मध्येच धुळीची करडी वर्तुळं.

मग काय, सॉफ्टवेअर आहेच. फोटोत जिथे ‘नुसतं आभाळ’ आहे असं वाटतं तिथे ठिपके द्यायचे. त्या ठिपक्यांतून सॉफ्टवेअर एक पृष्ठभाग बसवतं आणि तो फोटोतून वजा करतं. पहिल्यांदा नीट जमलं नाही, म्हणून मी पॉलिनॉमियलची ऑर्डर वाढवली. अजून वाढवली. पार्श्वभूमी अशी सपाट झाली की कॅरम बोर्ड लाजेल. आणि फोटो प्रदर्शनात गेला.

पुढच्या अमावास्येला मित्रांबरोबर वांगणीला गेलो. बदलापूरच्या पुढचं हे स्टेशन मुंबईच्या आकाशवेड्यांना चांगलंच माहीत आहे. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, तोच तेजोमेघ. पण या फोटोत ढगाच्या दोन्ही बाजूंना फिकट पंख लांबवर पसरलेले. माझ्या ‘सुंदर’ फोटोत त्या जागी स्वच्छ काळोख होता. मी ठिपके त्या पंखांवरच दिले होते!

घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बसलो होतो. आबा, म्हणजे माझे आजोबा, मागून बघत होते. आबा गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांनी पुन्हा साचा चालवला नाही. पण कापड बघायची नजर गेलेली नाही. म्हणाले, “अरे, पुसतोयस कसला? आधी डाग कापडात आहे की दिव्यात ते बघ. कापड फिरव. डाग कापडाबरोबर फिरला तर कापडातला, जागेवर राहिला तर दिव्याचा.”

मी गच्चीवर जाऊन नेमकं तेच केलं. कॅमेरा पाव वळसा फिरवून पुन्हा फोटो काढला. सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं फ्रेममध्ये होती तिथेच राहिली, म्हणजे ती कॅमेऱ्याची. काळवंडलेले कोपरेही तसेच, कारण फ्रेमच्या कडांपर्यंत दुर्बिणीतून पुरेसा उजेड पोचतच नाही. उजळ बाजू मात्र फ्रेममध्ये दुसरीकडे सरकली. ती पश्चिमेची, मॉलची!

इथे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. माझं म्हणणं सगळं या एका गोष्टीभोवती आहे. दुर्बिणीचा दोष गुणाकाराचा असतो, शहराचा उजेड बेरजेचा. समजा फोटोच्या मध्यभागी आभाळाचा उजेड 1000 आणि तेजोमेघाचा 100, एकूण 1100. कोपऱ्यात 70 टक्केच उजेड पोचतो, म्हणजे आभाळ 700, तेजोमेघ 70, एकूण 770. आता पार्श्वभूमी सपाट दिसावी म्हणून कोपऱ्यात 300 मिळवले तर आभाळ 1000 होतं, पण तेजोमेघ 70 चा 70 च राहतो. दिसायला सगळं ठीक, आणि ढग तीस टक्के खोटा! त्याऐवजी 0.7 ने भागलं तर 1000 आणि 100, दोन्ही जागेवर येतात. आधी भागाकार, मग मॉलच्या उजेडाची वजाबाकी. क्रम चुकला की उत्तर चुकलं.

आता हा 0.7 आणायचा कुठून? मनाने नाही, मोजून. त्यालाच ‘फ्लॅट’ म्हणतात. लोअर परळमध्ये फ्लॅट म्हटलं की लोकांना कोटीचे आकडे दिसतात, आमचा फ्लॅट एका पांढऱ्या बनियनवर निघतो! पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा कपडा सुरकुती न ठेवता ताणून बांधायचा आणि उजळत्या आभाळाकडे तोंड करून पंचवीसेक फोटो काढायचे. फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा रात्री होती तीच ठेवायची, नाहीतर सगळी मेहनत फुकट. शिवाय झाकण लावूनही काही फोटो काढायचे, ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोट्या उजेडासाठी. तो आधी वजा करायचा आणि मग फ्लॅटने भागायचं. दहा मिनिटांचं काम. पण रात्रभर जागल्यावर तेवढाच कंटाळा येतो आणि आपण म्हणतो, “जाऊ दे, सॉफ्टवेअर बघून घेईल.”

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी ते वेगळ्या शब्दांत म्हटलेलं आहे. आलेख सरळ रेषेत यायला हवा, म्हणून आधी रेषा मारायची आणि मग उलट रीडिंग काढून जर्नल भरायचं. मी पार्श्वभूमीचं केलं ते याहून वेगळं नव्हतं. काय दिसायला हवं ते आधी ठरवलं आणि न जुळणारं ते कचरा समजून वजा केलं.

या बाबतीत आपल्याच बिरादरीतला एक जुना दाखला आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, 1888 साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथे कावसजी नेगमवाला यांच्याकडे 20 इंची परावर्ती दुर्बीण होती. त्यांनी याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. नॉर्मन लॉकियर हे त्या काळातलं फार मोठं नाव. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे त्यातली मुख्य रेघ पसरट हवी होती. नेगमवालांना ती धारदार दिसली आणि त्यांनी तसंच प्रसिद्ध केलं. 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ते रीडिंग मात्र खरंच ठरलं.

कोणी म्हणेल, “अरे, हौसेचा फोटो तो, पीएचडी आहे का?” मान्य. चित्र म्हणून खुशाल रंगवा. पण खाली नक्षत्राचं नाव आणि एक्स्पोजर लिहून विज्ञानाच्या टेबलावर ठेवलं की बघणारा त्याला पुरावा समजतो. ज्युनिअर पोरं तो बघून मृगाचा तेजोमेघ एवढाच असतो असं धरून चालतात. म्हणून माझी सूचना अशी की यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक आकाशफोटोखाली एक न सुधारलेली फ्रेम लावावी आणि काय भागलं, काय वजा केलं ते दोन ओळींत लिहावं. सुरुवात माझ्या जुन्या फोटोपासून करू. तो वांगणीच्या फोटोशेजारी लावायला मी तयार आहे.

शेवटी एक विनंती रेक्टर सरांना. उजेड वजा करता येतो, त्याचा गोंगाट करता येत नाही. आभाळातून 10,000 प्रकाशकण आले तर त्यांत साधारण 100 चा चढउतार असतो. 10,000 वजा केले तरी तो 100 तसाच राहतो. आभाळ दहापट उजळ असेल तर तितकाच स्वच्छ फोटो मिळवायला साधारण दहापट वेळ लागतो. म्हणजे सर्वांत उत्तम दुरुस्ती कॉम्प्युटरवर होतच नाही, दिव्यापाशी होते. मॉलचे दिवे आपल्या हातात नाहीत. पण होस्टेलच्या गच्चीवरचा फ्लडलाइट आभाळाकडे तोंड करून आहे, त्याची मान खाली वळवायला एक पाना पुरेल. जिन्यातही जास्त उजेड पडेल.

पाना मी आणतो सर, परवानगी तेवढी द्या!