गेममधले सगळे बोलतात, मग हिरोच गप्प का?

जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ म्हणजे नुसता गेम नाही, तिथल्या दोन पिढ्यांचं बालपण आहे. या मालिकेचे जनक युजी होरी २०२४ मध्ये कात्सुरा हाशिनो यांच्याशी गप्पा मारत होते. हाशिनो म्हणजे ‘पर्सोना’ मालिकेचे गाजलेले दिग्दर्शक. बोलता बोलता विषय निघाला तो न बोलणाऱ्या हिरोचा. होरींनी जवळपास चाळीस वर्षं असाच हिरो लोकांना दिलाय. आणि आता तेच म्हणाले की हे दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. ग्राफिक्स इतके खरे झालेत की आजूबाजूला सगळे बोलतायत आणि हा मधे नुसताच उभा, असं दिसलं की तो बावळट वाटतो.

हाशिनोंनी यावर आधीच मार्ग काढला होता. ‘पर्सोना’ ३, ४ आणि ५ या तिन्ही गेममध्ये त्यांचा हिरो जवळजवळ मुका होता. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘मेटाफर: रीफँटॅझिओ’मध्ये त्यांनी हिरोला चक्क बोलतं केलं.

ज्यांनी असे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोल प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, यात तुम्ही एका पात्राची भूमिका घेता. गावोगाव फिरता, लोकांशी बोलता, लढता, ताकद वाढवता. गावातला पाटील बोलतो, दुकानदार बोलतो, राजा बोलतो, राक्षससुद्धा लंबंचौडं भाषण देतो. फक्त तुमचं पात्र बोलत नाही. फार तर ‘हो’ किंवा ‘नाही’. कधी दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं. याला इंग्रजीत सायलेंट प्रोटॅगनिस्ट म्हणतात. मराठीत सरळ ‘मूक नायक’ म्हणावं, तर आपल्याला आधी बाबासाहेबांचं १९२० सालचं ‘मूकनायक’ आठवतं. पण तो मूक लोकांचा नायक होता, इथे नायक स्वतःच मूक आहे. म्हणून आपण आपलं ‘गप्प हिरो’ म्हणू.

आता हिरो गप्प का, याचं एक उत्तर नेहमी दिलं जातं. त्या काळी मेमरी कमी होती. ते खरंय, पण अर्धवट.

पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २७ मे १९८६ ला आला, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या मशीनवर. अख्खा गेम ६४ केबीत बसवला होता. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो बहुतेकदा यापेक्षा मोठा असतो. पण त्या ६४ केबीतही राजाला बोलायला जागा मिळाली, गावकऱ्यांना मिळाली, अगदी खलनायकालाही मिळाली. हिरोलाच मिळाली नाही, कारण होरींना ती द्यायची नव्हती. हिरो म्हणजे खेळणारा. त्याने काय बोलायचं ते आपण कोण ठरवणार, असा साधा हिशोब.

त्या गेममध्ये एक गंमत होती. मूळ जपानी आवृत्तीत हिरोला पाठच नव्हती! तो १६ बाय १६ पिक्सेलचा इवलासा गडी डावीकडे चालला, उजवीकडे चालला, वर गेला, तरी तोंड कायम तुमच्याकडे. खेकड्यासारखा सरकायचा. कुणाशी बोलायचं असेल तर आधी मेनूतून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी दिशा निवडावी लागायची. १९८९ मध्ये गेम अमेरिकेत गेला तेव्हा कुठे त्याला चारही दिशांना बघता यायला लागलं. आता मला सांगा, ज्याला मान वळवता येत नाही, तो बोलत नाही याचं कुणाला काय वाटणार? चेहरा म्हणजे चार ठिपके. राग, दुःख, लाज, सगळं खेळणाऱ्याने आपल्या मनातून भरायचं. आणि पोरं ते भरत होती.

दुसरं कारण भाषेत आहे आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. जपानीत ‘मी’ म्हणायला एक शब्द नाही, बरेच आहेत. ‘वाताशी’ म्हटलं की माणूस रीतसर, सभ्य. ‘बोकू’ म्हटलं की जरा मवाळ, मुलगा किंवा मुलासारखा. ‘ओरे’ म्हटलं की रांगडा, मित्रांत छाती काढून बोलणारा. म्हणजे हिरोने तोंड उघडून फक्त ‘मी’ म्हटलं तरी त्याचा स्वभाव, वय, तोरा सगळं ठरून जातं. मग शाळेतली लाजाळू मुलगी आणि चाळिशीतला कारकून या दोघांनीही ज्याला ‘हा मीच’ म्हणावं, असा हिरो लिहायचा कसा? गप्प ठेवून.

आता याचा फायदा कुठे झाला, ते बघा. १९९२ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ घ्या. यात हिरो लहान मुलगा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत बापाला मारतात. पुढे तो गुलामीत मोठा होतो, सुटतो, आणि मग गेम त्याला एका वळणावर आणून विचारतो की लग्न कुणाशी करणार? एक बियांका, लहानपणची सोबतीण. दुसरी फ्लोरा, श्रीमंत घरची, शांत स्वभावाची. हिरोने तोपर्यंत कुणाबद्दल एक शब्द बोललेला नाही. त्यामुळे त्याला कोण आवडते हा प्रश्नच उरत नाही, तुम्हाला कोण आवडते हा प्रश्न येतो. जपानमध्ये बियांका की फ्लोरा हा वाद आजही चालतो, आपल्याकडे चहात आधी साखर की आधी दूध यावर भांडतात तसा. हिरोने आधीच ‘माझं बियांकावर प्रेम आहे’ असं म्हटलं असतं तर कुणी कशाला भांडलं असतं?

१९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये तर याहून भारी डाव आहे. हा गेम बनवणाऱ्यांतही होरी होतेच. सुरुवातीला एक जत्रा लागते. तिथे एका मुलीला तुमची धडक बसते आणि तिचं पदक खाली पडतं. कुणाचा तरी डबा तिथे ठेवलेला असतो, भूक लागली म्हणून तुम्ही तो खाऊन टाकता. एका पोरीचं मांजर हरवलेलं असतं. तुम्ही म्हणता, गेम आहे, चालतंय. पुढे तुमच्यावर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो आणि साक्षीदार एकेक करून येतात. आधी मुलीची विचारपूस केली की पदक उचललं? डबा कुणी खाल्ला? मांजर शोधून दिलं का? हिरो बाजू मांडायला लांब भाषण देत नाही. त्याची कामंच साक्ष देतात. (निकाल काहीही लागला तरी तुरुंग चुकत नाही, हा भाग वेगळा.) बोलणारा हिरो असता तर त्याने चार वाक्यांत सारवासारव केली असती आणि हा सगळा खेळच संपला असता.

सगळीकडे अशी हुशारी होती असंही नाही. पहिल्याच ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजकन्या विचारते, मला सोबत नेणार का? तुम्ही ‘नाही’ म्हणा, ती तोच प्रश्न पुन्हा विचारते. पुन्हा ‘नाही’, पुन्हा तोच प्रश्न. ‘हो’ म्हणेपर्यंत सुटका नाही. म्हणजे हिरोला गप्प ठेवलं की खेळणाऱ्याला मोकळीक मिळते, हे दरवेळी खरं नसतं. बऱ्याच गेममध्ये हिरो गप्पही असतो आणि त्याला निवडही नसते. अशा ठिकाणी तो खेळणाऱ्याचा प्रतिनिधी राहत नाही, नुसता हमाल होतो.

मग बिघडलं कुठे? तर कॅमेरा जवळ आला.

२०१७ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ बघा. आता हिरोला नाक आहे, डोळे आहेत, वाऱ्यावर हलणारे केस आहेत. तो आपल्या गावी परत येतो तर गाव जळून खाक झालेलं. सोबतचे बोलतात, धीर देतात. आणि हा बघत उभा. चार ठिपक्यांच्या चेहऱ्यावर आपण दुःख लावू शकत होतो. इथे चेहरा आधीच काढून दिलाय, आपण लावलेलं त्यावर चिकटत नाही. होरी बोलले ते हेच.

अमेरिकेत यावर उपाय करून झाला होता. बेथेस्डा कंपनीने २०१५ मध्ये ‘फॉलआउट ४’ आणला आणि या मालिकेत पहिल्यांदाच हिरोला पूर्ण आवाज दिला. पुरुष आणि स्त्री अशा दोन कलाकारांनी प्रत्येकी १३ हजारांहून जास्त वाक्यं रेकॉर्ड केली. आणि लोक चिडले! आवाज वाईट होता म्हणून नाही. बोलायचे पर्याय चारवर आले होते आणि तेही एक-दोन शब्दांचे. तुम्ही ‘टोमणा’ असं बटण दाबायचं आणि हिरो नेमकं काय बोलणार ते तो बोलल्यावर कळायचं. शेवटी चाहत्यांनीच पूर्ण वाक्य आधी दाखवणारा मॉड बनवला. त्यात कथा अशी की तुमचं तान्हं बाळ पळवलंय. कलाकार बिचारा जीव तोडून ‘माझं बाळ कुठाय’ विचारतो आणि तुम्ही आठ तास भंगार गोळा करून घराच्या भिंती बांधताय. आवाज एका माणसाचा, वागणं दुसऱ्याचं. कंपनीच्या टॉड हॉवर्डनेही नंतर मान्य केलं की संवादांचा तो प्रयोग तितकासा जमला नाही. २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये अडीच लाखांहून जास्त ओळींचे संवाद आहेत, पण हिरोचा आवाज पुन्हा काढून टाकला.

माझ्या मते या सगळ्या वादाचं सगळ्यात चांगलं उत्तर ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सापडतं. हा गेम २०२३ चा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम ठरलेला. यात अ‍ॅस्टॅरिअन नावाचा एक रक्तपिपासू, नखरेल सोबती आहे. नील न्यूबनने त्याला असा काही आवाज दिला की अभिनयाचं बक्षीसही त्यालाच मिळालं. पण गेम तुम्हाला स्वतः अ‍ॅस्टॅरिअन म्हणून खेळायचीही सोय देतो. आणि तुम्ही तो झालात की संभाषणात तो गप्प! तोच चेहरा, तोच माणूस, पण आता ओळी तुम्ही वाचून निवडायच्या. त्याच्या भुवया उडतात, ओठ वळतात, शब्द मात्र तुमच्या डोक्यात. म्हणजे चेहऱ्याचा प्रश्न चेहऱ्यानेच सोडवला आणि आवाजाची जागा मोकळी ठेवली. दुसरा सोबती म्हणून भेटला तर बोलतो, तुम्ही झालात तर गप्प बसतो. फरक पैशांचा किंवा तंत्राचा नाही, कथा कुणाची आहे याचा आहे.

२०२५ मध्येही हीच विभागणी दिसली. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स २’चा हेन्री बोलतो, कारण तो लोहाराच्या घरात वाढलेला, स्वतःचा भूतकाळ असलेला ठराविक माणूस आहे. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ची पात्रंही तशीच. उलट ‘अवाउड’ आणि ‘द आउटर वर्ल्ड्स २’मध्ये पात्र तुम्ही घडवता, तिथे हिरो गप्प.

आतापर्यंत गप्प हिरोच्या बाजूने एक रोकडं कारणही होतं. खेळणाऱ्याला चार आवाजांतून एक निवडायचा असेल तर प्रत्येक ओळ चार वेळा रेकॉर्ड करायची, मग प्रत्येक भाषेत पुन्हा चार वेळा. खर्चाचा आकडा बघून कुणीही हात जोडेल. एआयमुळे हे कारण मोडीत निघू शकतं. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये डार्थ व्हेडर आला. त्याचा आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. जोन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले होते, आवाज कुटुंबाच्या परवानगीने एआयने बनवलेला. खेळणाऱ्यांनी काही विचारलं की व्हेडर लगेच उत्तर द्यायचा. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला शिव्या द्यायला लावल्या आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्ती करावी लागली.

हे चाललं होतं तेव्हा अमेरिकेतले आवाज कलाकार संपावर होते. सॅग-आफ्ट्रा या त्यांच्या संघटनेचा व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्धचा संप २६ जुलै २०२४ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये थांबला. भांडण मुख्यतः एकाच गोष्टीवर होतं. माझ्या आवाजाची नक्कल बनवणार असाल तर मला विचारा आणि पैसे द्या. नव्या कराराला सभासदांनी जुलैमध्ये मंजुरी दिली आणि त्यात संमतीच्या व मोबदल्याच्या अटी आल्या. म्हणजे कागदावर तरी आवाज फुकट झालेला नाही. पण हजारो ओळी चार-चार आवाजांत काढणं आता कंपन्यांच्या आवाक्यात येतंय, आणि स्वस्त पडतंय म्हणून हिरोला बोलतं करण्याचा मोह त्यांना होणारच. ‘फॉलआउट ४’चं दुखणं मात्र त्याने बरं होत नाही. तिथे कमी पडले होते ते पर्याय.

मराठी खेळणाऱ्याला यात एक वेगळी मेख आहे. आज आपण हे गेम इंग्रजीत खेळतो. हिरो बोलला की अमेरिकन किंवा ब्रिटिश उच्चारात बोलतो. गप्प असला की इंग्रजी ओळ वाचताना मनातलं उत्तर आपण ‘चल ए, निघ’ असं देऊन मोकळे होतो. उद्या एआयने त्याला मराठी बोलायला लावलं, तर अडचण पहिल्याच वाक्यात येईल. जपानीत जे ‘ओरे’ की ‘बोकू’मध्ये ठरतं, ते आपल्याकडे क्रियापदात ठरतं. इंग्रजीत एकच ओळ सगळ्यांना चालते, मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ अशा दोन लागतात. लिहिणाऱ्याने दोन्ही लिहिल्या तरी पुरत नाही, कारण ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पात्र बनवताना पुरुष आणि स्त्री यांच्यापलीकडचा तिसरा पर्यायही असतो.