कोठडी नको, उपचार हवेत. पण फोन कुणाच्या हाती?

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला दूरदूरहून भाविक येतात. त्यामुळे अनोळखी चेहऱ्याचे गावाला अप्रूप नाही. पण समजा, रात्री एसटी थांब्यावर एक जण स्वतःशीच बोलत बसला आहे. नाव-गाव सांगता येत नाही, जवळ कसला कागद नाही. कुणीतरी पोलिसांना कळवते. पुढे काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० नुसार पोलिसांनी अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ती बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेणेही पोलिसांचेच काम. पावसपासून सुमारे २० किलोमीटरवर, रत्नागिरीत, १८८६ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

अडचण असते ती पहिल्या तासाची. माणूस दारू प्यायला आहे, त्याची साखर उतरली आहे, डोक्याला मार लागला आहे की तो मनोरुग्ण आहे, हे शिपायाने कसे ओळखायचे? अमेरिकेत टेक्सासमधील हॅरिस काउंटीत पोलीस टॅब्लेटवरून जागेवरूनच तज्ज्ञाशी संपर्क साधतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तिथून सल्ला मिळेल. प्रत्यक्ष तपासणी मात्र डॉक्टरांनीच करायला हवी.

ओळख पटवण्यातही तंत्रज्ञानाचा उपयोग होतो. जबलपूरहून हरवलेला, नागपुरात एका कुटुंबाने वाढवलेला दिव्यांग मुलगा २०२१ मध्ये आधारच्या नोंदीमुळे आपल्या घरी पोहोचला.

पण हाच मोबाइल घातकही ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्यामागे व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेल्या अफवा होत्या. गोंधळलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणे म्हणूनच धोक्याचे.

खरी परीक्षा रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर असते. औषधे थांबली की आजार उलटतो आणि माणूस पुन्हा रस्त्यावर, पुन्हा पोलिसांसमोर येतो. गोळ्यांची आठवण करून देणारा संदेश ज्याच्याकडे फोनच नाही, त्याला कसा मिळणार? म्हणून ही सोय रुग्णापेक्षा आशा सेविका, निवारा केंद्रातील कर्मचारी आणि पोलिसांच्या फोनवर असायला हवी. त्यासाठी नवे अ‍ॅप लागेलच असे नाही. रुग्णालय, ठाणे आणि गाव यांनी एकमेकांचे क्रमांक जवळ ठेवून ते वेळेवर फिरवले, तरी बरेच साधेल.

आपण काय करावे? पाणी द्यावे, गर्दी हटवावी, ११२ वर कळवावे. आणि कॅमेरा खिशातच ठेवावा.