‘उभी आहे, डॉक्टर’

डाव्या पोटरीला सूज आणि ठणका घेऊन ती मेडिसिनच्या ओपीडीत आली, तेव्हा केसपेपरवर नाव पुरुषाचं होतं आणि लिंगाच्या रकान्यात ‘पु.’ लिहिलेलं होतं. समोर साडी नेसलेली, तिशीची व्यक्ती. मी कागदाकडे बघून विचारलं, ‘‘कधीपासून सुजलाय रे पाय? औषधं काही चालू आहेत?’’

‘‘नाही.’’

पुढच्या सगळ्या प्रश्नांना अशीच एका शब्दाची उत्तरं. तासाभरानं आमच्या इंटर्ननं ‘‘ताई, कसल्या गोळ्या घेता का?’’ असं विचारलं आणि सगळं बाहेर आलं. शरीर बाईसारखं दिसावं म्हणून ती तीन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या खात होती. रोज चार. मैत्रिणीनं सांगितलेल्या, दुकानातून आणलेल्या. डॉप्लर तपासणीत पायाच्या खोल शिरेत गुठळी दिसली.

एकाच पायाला सूज म्हटल्यावर गुठळीची शंका मला तशीही आली असती. पण कारण कळलं नसतं. मी रक्ताची गुठळी रोखणारं औषध देऊन तिला घरी पाठवलं असतं आणि गोळ्या चालूच राहिल्या असत्या. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो, आणि तीच गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो.

मला टोचलं ते मात्र वेगळंच. दारातून आत येतानाच ती म्हणाली होती, ‘‘सकाळी सातपासून उभी आहे, डॉक्टर.’’ उभी! पहिल्याच वाक्यात तिनं सांगून टाकलं होतं. मी कागद वाचत होतो.

मराठीत स्वतःबद्दल दोन वाक्यं बोललं की लिंग कळतंच. दमलो-दमले, झोपलो-झोपले. (कोल्हापूरकडच्या बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, त्यामुळे तिथे जरा जपून.) उलट समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटलं की अडचणच राहत नाही. कधी आलात, जेवलात का, कुठे दुखतं, यांत पुरुष-बाई कुठे येते? सरकारी रुग्णालयात आम्हाला अरे-तुरेची सवय लागलेली असते आणि खरी अडचण तिथे होते. व्याकरणात तिसरं लिंगही आहे, पण ‘ते आलंय बघ’ असं जाणत्या माणसाबद्दल कुणी म्हणालं, तर ती शिवीच असते. ‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारी कागदांवर रुळला आहे. तरी तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे सिग्नलवर टाळी वाजवणारी माणसंच येतात. जन्माला आल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला आणि आज दाढी राखून नोकरी करणारा पारलिंगी पुरुष त्या चित्रात नसतो.

एक सहकारी मला म्हणाले, ‘‘शब्द बदलून शरीर बदलतं का?’’ बदलत नाही, आणि म्हणूनच ‘पु.’ या एका अक्षरावर विसंबून चालत नाही. लिंगबदल शस्त्रक्रियेनंतरही पारलिंगी स्त्रीच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी सहसा तशीच असते. पारलिंगी पुरुषाला गर्भाशयमुख असेल, तर त्याच्या कर्करोगाची तपासणी त्यालाही हवी. हिमोग्लोबिन बाईत 12 च्या खाली आणि पुरुषात 13 च्या खाली गेलं की आपण रक्तक्षय म्हणतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन वाढतं, मग त्याला कोणता आकडा लावायचा? कोणते अवयव आहेत, कोणती हार्मोन्स चालू आहेत, हे विचारावंच लागतं. आणि अपमान झालेला माणूस ते सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं तिसऱ्या लिंगाला मान्यता 2014 मध्ये दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 2022 पासून लागू आहे, पारलिंगी असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून वगळलं आहे. वैद्यकीय पुस्तकांत या लोकांविषयी अवमानकारक मजकूर नको, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2021 मध्ये कळवलं. माझ्या पिढीनं न्यायवैद्यकाच्या पुस्तकात हा विषय ‘विकृती’ या मथळ्याखाली पाठ केला होता आणि त्यावर मार्कही मिळवले होते. ते डोक्यातून काढायला परिपत्रक पुरत नाही.

तिला दाखल कुठे करायचं, यावर त्या दिवशी पाऊण तास गेला. पुरुषांच्या वॉर्डात जायला ती तयार नव्हती. बायकांच्या वॉर्डात दोन नातेवाइकांनी कुरकुर केली. शेवटी, आम्हा कुणाला सुचलं नव्हतं ते सिस्टरांनी केलं: तिलाच विचारलं. बायकांच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलाजवळची खाट तिनं घेतली.

पाच दिवसांनी तिला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘पु.’ तसंच छापून आलं, संगणक ते बदलू देत नव्हता. त्याखाली मी पेनानं लिहिलं : गर्भनिरोधक गोळ्या पूर्ण बंद. हार्मोन्स हवीच असतील तर ती तपासण्या करून, मोजून घ्यायची; त्यासाठी एंडोक्रायनॉलॉजी ओपीडी, पुढचा मंगळवार. मग तिला म्हणालो, ‘‘रांगेत थांबू नका, आधी मला भेटा.’’ ती म्हणाली, ‘‘येते.’’